मिस एडनाने भरलेली ओटी

प्रतापचं एक वागणं द्वारकाबाईंना मुळीच पटत नव्हतं. एखाद्या मुलखाला जाऊन आला की तो अख्खा मुलूख घरी उचलून आणायचा आणि पाहुण्यांना धरधरून दाखवायचा. लोक जेवायला बोलावतात तेव्हा ताट वाढतात. हा आधी स्लाइड्स वाढायचा. भात निवून जायचा, पापड सादळायचे, आणि अमेरिकेतल्या या ॲन आर्बरमधली चांगली शिकलेली, हाताखाली माणसं असलेली माणसं दिवसाढवळ्या काळोख करून बसायची. कशासाठी, तर प्रतापने कुठल्या फांदीवर कुठला पक्षी पाहिला ते बघायला.

त्यातही त्याला नायगारा नको, डिस्नी नको. जिथे कुणी गेलेलं नाही तिथे जायचं, हा त्याचा तोरा. श्रीराम डॉक्टर फ्लोरिडाला जाऊन आले की हा म्हणणार, "फ्लोरिडा काय, कुणीही जातं." या मार्चमध्ये त्याने जो देश शोधून काढला त्याचं नाव इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांनी ऐकलंच नव्हतं. बेलीझ. मेक्सिकोच्या खाली समुद्राला चिकटलेला एवढासा देश, आणि त्याच्याही पार दक्षिण टोकाला टोलेडो नावाचा जिल्हा. आजूबाजूच्या देशांत लढाया चाललेल्या, टीव्हीवर रोज मुडदे दाखवत. "तिथे काही नाही माई, तिथे शांत आहे," प्रताप म्हणाला होता. "खरा निसर्ग, खरं कल्चर. एकही टूरिस्ट नाही."

"मग आपण कोण?" द्वारकाबाईंनी विचारलं होतं.

त्यावर तो हसला होता. प्रश्न सरळ होता, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

द्वारकाबाईंची शाळा तिसरीत सुटली होती. बार्शीला नवऱ्याची पिठाची गिरणी होती. तो गेल्यावर ती त्यांनी स्वतः चालवली, पट्टा तुटला तर स्वतः चढवला, आणि लोकांच्या ज्वाऱ्या दळून प्रतापला इंजिनियर केलं. चार वर्षांपूर्वी त्याने त्यांना इकडे आणलं. इथे लहानथोर सगळे त्यांना माई म्हणत आणि थोडे दबकूनही असत. माईंना दोन्ही आवडायचं.

आज रविवारची दुपार. बाहेर ऑक्टोबरचं पिवळंधमक ऊन पडलेलं, झाडं लालेलाल झालेली, आणि प्रतापने हॉलचे पडदे ओढून माईंची धुवट पांढरी चादर भिंतीवर टाचली होती. विचारलं नव्हतं. पाच-सहा कुटुंबं यायची होती, आणि नुसती बघायला नव्हती यायची. डिसेंबरच्या सुट्टीत मंडळाचा एक ग्रुप करून तिकडे न्यायचा, असं प्रतापच्या डोक्यात होतं, आणि आज नावं पक्की व्हायची होती. त्याकरता माईंनी बटाटेवडे तळायचे होते.

तळायला माईंची ना नव्हती. कारण डिसेंबरात त्यांनाही जायचं होतं. प्रतापला माकडांकडे जायचं होतं, माईंना मिस एडनाकडे. त्यांच्या बॅगेत तळाशी हिरवं इरकली लुगडं आणि एक खण घडी करून ठेवलेला होता. शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर, आपल्याकडच्या दुकानांच्या रस्त्यावर, गेले होते तेव्हा सुनेला, उत्तराला, चार दुकानं हिंडवून त्यांनी तो शोधून काढला होता. तिथला दुकानदार म्हणाला होता, खण कशाला आजी, ही बघा चायना सिल्क. माईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने शिडीवर चढला.

वड्यांचं सारण वळून त्या हॉलमध्ये डोकावल्या तेव्हा प्रताप प्रोजेक्टरची काच पुसत होता. फुंकर मारायची आणि पुसायची. त्याच्या हातात एक सुती रुमाल होता. निळ्या चौकडीचा, एका कोपऱ्याला जळल्याचं भोक पडलेला.

माई तिथेच थांबल्या.

"हा रुमाल कुठला?"

"हा? कॅमेऱ्याच्या बॅगेत असतो. का गं?"

"काही नाही," माई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात परत गेल्या. पीठ कालवायला घेतलं खरं, पण हातात पाण्याचा अंदाज राहिला नाही. चाळीस वर्षं पिठात काढलेल्या बाईचं पीठ पातळ झालं.

तो रुमाल मिस एडनाच्या डोक्यावरचा होता. आणि तो ॲन आर्बरच्या घरात असायचं काही कारण नव्हतं.

तिकडच्या गावाचं नाव पुंता गोर्दा. समुद्राकाठी लाकडाची, पत्र्याची घरं, एक बाजार, एक धक्का. दहा माणसांचं विमान उतरायच्या आधी धावपट्टीवरच्या कोंबड्या हाकलाव्या लागल्या होत्या. प्रताप पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून रानात जायचा आणि चिखलाने माखून परत यायचा. माई उत्तराला घेऊन बाजारात फिरायच्या, नऊवारी लुगडं आणि पायात नातीचे, दीपाचे, जुने कॅनव्हासचे बूट. एका सकाळी केळी विकायला बसलेल्या एका सावळ्या म्हातारीने जाता जाता त्यांचा पदर धरला. धरला आणि सोडेचना. बोटांनी काठ चाचपत राहिली.

ती मिस एडना. तिकडे म्हाताऱ्या बायकांना सगळे असंच मिस लावून हाक मारतात, लग्न झालेलं असो की नसो. अंगात फ्रॉक, डोक्याला चौकडीचा रुमाल. बोलणं इंग्रजी, पण असं वळवलेलं की उत्तराला दोनदा विचारावं लागे. तिच्या आजीची आजी हिंदुस्थानातून बोटीने आली होती, उसाच्या मळ्यावर राबायला. कुठल्या गावची, कुणाची कोण, काही ठाऊक नाही. भाषा गेली. देव गेले. एडना रविवारी चर्चमध्ये जाते. "पण असं कापड गुंडाळलेल्या बाईचा फोटो माझ्या चुलत्याकडे होता," ती म्हणाली, "वादळात घर गेलं, त्यात गेला."

मग तिने दुकान शेजारणीवर टाकलं आणि दोघींना घरी नेलं. घर लाकडी खांबांवर, वर माडासारख्या झावळ्यांचं छप्पर. तिने वाटाण्याच्या डाळीचं वरण केलं, कच्च्या पपईची पिवळीजर्द भाजी केली. भाजीला ती तकारी म्हणत होती. हळदीला पिवळं आलं म्हणत होती आणि परसात तिचे वाफे होते. भात लालसर, जाडा. माईंनी कोरडे तांदूळ मागून घेतले आणि तळहातावर पसरून पाहिले. उखळात कांडलेले, तरी कणी नाही. माईंनी मान डोलावली. एडनाने ती मान डोलावलेली पाहिली आणि उत्तराला काहीतरी म्हणाली. उत्तराने सांगितलं, "माई, त्या म्हणतायत, हिला कळतं."

त्यानंतर तिथे होते तोवर माई रोज तिच्याकडे जाऊन बसल्या. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. दोघी मिळून शेंगा सोलत.

निघायच्या दिवशी प्रताप आणि दीपा त्यांना न्यायला आले. माई दाराबाहेर पाय टाकणार एवढ्यात एडनाने हात आडवा घातला. आत गेली, वाडग्यात तांदूळ, एक सोललेला नारळ आणि मातीसकट ओल्या हळदीचा गड्डा घेऊन आली. माईंचा पदर तिने स्वतःच ओढून घेतला, दोन्ही टोकं माईंच्या हातात दिली, आणि ओंजळीने तांदूळ घालायला लागली.

उत्तरा हळूच म्हणाली, "माई..."

तेवढंच. पुढचं म्हणायची गरज नव्हती. प्रतापचे वडील गेले त्याला सव्वीस वर्षं झाली होती. बार्शीला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण तबक घेऊन बायकांच्या रांगेतून पुढे सरकायची आणि माईंपाशी आली की तिचा हात न थांबता पुढच्या बाईकडे जायचा. मधे खांब असला तर माणूस जसा वळसा घालतो, तसा. तिचं काही चुकत नव्हतं, सगळ्या तसंच करत. दोन वर्षांनी माईंनी जायचं सोडलं, गिरणीत काम आहे म्हणून सांगितलं. संक्रांतीला गिरणी बंद असते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आणि इथे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई त्यांच्या ओटीत तांदूळ घालत होती.

उत्तरा एडनाला इंग्रजीत काहीतरी म्हणाली, खाली बघत. एडनाने माईंच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. दोन वाक्यं बोलली. मग मोठ्याने हसून आणखी एक ओंजळ घातली, आधीच्यापेक्षा भरून.

"काय म्हणाली?" माईंनी विचारलं.

"काही नाही माई. म्हणाल्या, सांडू देऊ नका. घरी नेऊन शिजवा, घरच्यांबरोबर खा, आणि पुढच्या वेळी याल तेव्हा कसे झाले ते सांगा."

तिला बिचारीला काय माहीत, माईंच्या मनात आलं. रीत अर्धी राहिली आणि अर्धी बोटीत बुडाली. कुणाची भरायची आणि कुणाची नाही, ते तिला कोण सांगणार. म्हणजे चुकून मिळालं होतं. पण चुकून मिळालेलं परत करावं असं काही माईंना वाटलं नाही. एडनाने डोक्यावरचा रुमाल सोडला, सगळं त्यात बांधलं, आणि माईंनी ते गाठोडं आपल्या बॅगेत ठेवलं. प्रतापने तेवढ्यात फोटो काढला होता.

मायामीच्या विमानतळावर एका लाल मिशांच्या साहेबाने बॅगा उघडल्या. बराच वेळ उचकापाचक केली. घरी आल्यावर माईंनी बॅग उघडली तर गाठोडं नव्हतं. "माई, कस्टम्सवाल्याने घेतलं," प्रताप म्हणाला. "झाडपाला, कच्चं धान्य, काही आणू देत नाहीत. रूल आहे." आणि मग म्हणाला, "एवढं काय त्यात? डेव्हनवरून तांदळाचं पोतं आणतो तुला. नारळ आणतो."

"ओटी दुकानातून आणतात का रे?"

त्या दिवसापासून सात महिने माईंनी त्या लाल मिशांच्या माणसाला सोडलं नव्हतं. त्याच्या मिशांना, त्याच्या बायकापोरांना, त्याच्या हातांना. कुणी विमानतळाचं नाव काढलं की त्याचा उद्धार व्हायचा. मंडळात त्याची गंमत झाली होती. लहान मुलंसुद्धा मुद्दाम विचारत, "माई आजी, मायामीचा माणूस कसा होता?" प्रताप समोर बसलेला असायचा. हसायचा.

रुमाल नेला असता तर त्या मिशीवाल्याने गाठोड्यासकट नेला असता.

पाहुणे आले. बुटांचा ढीग पडला, कोट पडले, काळोख झाला. स्वयंपाकघराच्या दारातून माईंना चादरीवर सरकणारे रंग दिसत होते. हिरवं रान. चोचच चोच असलेला पक्षी. गुहेचं तोंड. माया लोकांच्या बायका दगडी पाट्यावर मका वाटताना.

"हे बघ, हाउलर मंकी. पहाटे असा आवाज, यार, वाघ वाटतो."

"सेफ आहे ना पण रे?" श्रीराम डॉक्टरांचा आवाज. ते पुण्याचे, हृदयाचे डॉक्टर, सगळ्यात आधी सेफ आहे का ते विचारायचे.

"एकदम. आणि हॉटेलवाल्याशी मी बोलून ठेवलंय, डिसेंबरचं. जंगल, गुहा, आणि एक दिवस कल्चर. आता ही स्लाइड बघा. ही आपली हायलाइट."

प्रोजेक्टर खटकला. माईंनी झारा कढईच्या काठावर ठेवला आणि वड्यांचं ताट घेऊन दारात आल्या.

भिंतीवर त्या स्वतः होत्या, माणसाहून मोठ्या. लाकडी पायरीवर उभ्या, दोन्ही हातांत पदर धरलेला, पदरात तांदूळ. एडनाची ओंजळ अजून पुरती रिकामी झालेली नव्हती, चार दाणे हवेत होते. माईंनी हा फोटो आजवर पाहिला नव्हता. याआधी दर वेळी त्या स्वयंपाकघरात असायच्या. स्वतःचा चेहरा बघून त्यांना ओळख पटायला एक क्षण लागला. फोटोतली बाई लाजली होती.

"ही मिस एडना. कुली लोकांचे वंशज. लॉस्ट कल्चर म्हणतात ना, ते हे. ओटी भरतात, पण का भरतात हे माहीत नाही. डिसेंबरला हिच्याकडून सगळ्या लेडीजच्या ओट्या भरून घेऊ. फोटो सॉलिड येतील. माईला बघितलं की ती काहीही करेल."

कुणीतरी हसलं. डॉक्टरांची बायको विनीता हळू आवाजात म्हणाली, पण काळोखात हळू आवाज जास्तच ऐकू येतो, "अरे पण माईंची... म्हणजे, चालतं का ते?"

"अगं त्या एडनाला काय कळतंय. आणि खरी गंमत तर पुढे आहे." प्रतापचा आवाज चढला, गोष्ट रंगात आली की चढायचा तसा. "एवढं सगळं किराणा दुकान माईने बॅगेत घातलेलं. नारळ, तांदूळ, मातीची मुळी. मागे एकदा लोणच्यापायी मला कस्टम्समध्ये किती वेळ बसवून ठेवलं होतं, आठवतं ना श्रीराम? म्हटलं, नो वे. बेलीझ सिटीच्या हॉटेलात, माई झोपल्यावर, सगळं बाथरूमच्या डस्टबिनमध्ये. आणि तो मायामीचा बिचारा लाल मिशीवाला, सात महिने शिव्या खातोय."

खोली हसण्याने भरली. हसता हसता एकेक जण थांबला, कारण दारात उजेडाला पाठ करून माई उभ्या आहेत हे एकेकाच्या लक्षात येत गेलं. सगळ्यांत शेवटी प्रतापच्या लक्षात आलं.

"दिवा नको लावूस," माई म्हणाल्या. "फोटो पण राहू दे तसाच."

त्यांनी ताट मधल्या टेबलावर ठेवलं. "वडे घ्या. गार होतील." कुणी हात पुढे केला नाही.

"माई, अगं मी सांगणारच होतो..."

"कुठल्या डब्यात टाकलंस?"

"माई."

"विचारतेय ते सांग. न्हाणीघरातल्या?"

"बाथरूममधल्या. माई, ते तसंही येऊ दिलं नसतं. तू तिथे भांडली असतीस. दीपाला दुसऱ्या दिवशी शाळा होती. मी फक्त तमाशा वाचवला."

"ज्या डब्यात तुम्ही नाकं पुसलेले कागद टाकता, त्यात?"

प्रतापने हातातला रुमाल मुठीत गोळा केला.

"आणि रुमाल ठेवलास."

"कॉटनचा होता. लेन्सला चांगला म्हणून..." आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

श्रीराम डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "जाऊ द्या माई. तरुण माणूस, घाईघाईत झालं असेल. मोठ्या मनाने..."

"डॉक्टर, तो त्रेचाळीस वर्षांचा आहे. तुम्ही वडा खा."

डॉक्टरांनी वडा घेतला.

"माई, खरंच, एवढं काय होतं त्यात?" प्रतापला आता लोकांसमोर लाज वाटत होती, आणि त्याची लाज नेहमी चिडण्यातून बाहेर यायची. "मूठभर तांदूळ. त्या बाईला त्याचा अर्थ तरी माहीत होता का? माहीत असतं तर तिने तुझी भरलीच नसती. मी उगाच कुणासमोर बोललो नाही, पण आता तू विषय काढलास म्हणून. मिस्टेक होती ती तिची. चुकून झालेल्या गोष्टीसाठी इतकं..."

सात महिने माई मनाशी जे म्हणत होत्या, तेच तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते ऐकताना मात्र कुणीतरी सगळ्यांदेखत पदर झटकल्यासारखं झालं. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"चुकून नव्हतं."

उत्तरा बोलली होती. ती सोफ्याच्या मागे उभी होती, सगळ्यांच्या मागे. ती सहसा मागेच असायची.

"काय?" प्रताप म्हणाला.

"चुकून नव्हतं. मी विचारलं होतं त्यांना, तिथेच." ती माईंकडे बघून बोलत होती, नवऱ्याकडे नाही. "माई, मला वाटलं नंतर कुणी काही म्हणायला नको, म्हणून मी त्यांना म्हटलं, यांचे मिस्टर नाहीत, आमच्यात अशा बायकांची भरत नाहीत. मला लाज वाटली होती हो विचारताना. म्हणून तुम्हाला सांगितलं नाही."

"मग? ती काय म्हणाली?"

"म्हणाल्या, माहीत आहे. आमच्याकडेही म्हाताऱ्या असंच म्हणायच्या. पण पोरी, मी दोन नवरे पुरलेत. नवरा गेल्यावर भूक काय त्याच्याबरोबर जाते? आणि मग हसल्या आणि ती शेवटची ओंजळ घातली. मोठी."

माईंनी भिंतीकडे पाहिलं. हवेतले चार दाणे तसेच होते. एडनाला माहीत होतं. सगळं माहीत असून, त्यांच्या कपाळाकडे बघून, तिने ओंजळ भरली होती. बार्शीतल्या साऱ्या शेजारणींना इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते केळी विकणाऱ्या या बाईने हसत हसत केलं होतं. आणि ते कागदाच्या बोळ्यांत गेलं.

विनीता डोळे पुसत होती. माईंना तिचा राग आला. प्रश्न तिनेच विचारला होता.

त्या प्रोजेक्टरपाशी गेल्या, प्रतापच्या समोर जाऊन हात पुढे केला. त्याने रुमाल दिला. त्यांनी तो झटकला, घडी केली, जळकं भोक आतल्या बाजूला घेतलं आणि कमरेला खोचला. चादरीवरचा उजेड आता त्यांच्या अंगावरच पडला होता. पदरातले तांदूळ त्यांच्या लुगड्यावर दिसत होते.

"सॉरी, माई," प्रताप म्हणाला. अगदी हळू म्हणाला, आणि खरं म्हणाला. "मला कळलं नव्हतं. आपण डिसेंबरला जाऊ तेव्हा मी स्वतः तिला..."

"तू जायचं नाहीस."

"माई, सगळे आलेत. बुकिंग..."

"हे सगळे कुठे जायचे तिथे जाऊ देत. माकडं बघू देत, गुहेत शिरू देत. एडनाच्या पायरीला यांतलं कुणी पाय लावायचा नाही. ती बाई तमाशाला बसलेली नाही आणि मीही नाही. मी आणि उत्तरा जाऊ. लुगडं आणलंय तिला, खण आणलाय. तिची ओटी मी भरेन, दोन नवरे पुरलेल्या बाईची, आणि तिथे फोटो काढायला कुणी असणार नाही. तिने विचारलं तांदूळ कसे झाले, तर खोटं सांगणार नाही. सांगेन, मला माहीत नाही बाई, माझ्या मुलाने ते न्हाणीघरात टाकले. उत्तरा, हे तू तिला इंग्रजीत नीट सांगायचं, मऊ करून नाही."

"सांगेन," उत्तरा म्हणाली.

"माई, मी चोरी नव्हती केली," प्रताप म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तुझं काही घ्यायचं म्हणून नव्हतं."

"तेच सांगतेय मी तुला, प्रताप," माई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेला. "त्या मायामीच्या माणसाला सात महिने दिलेल्या शिव्या मी त्याच्याकडून परत घेतल्या, त्या आता तुझ्या. त्याला मी चोर म्हटलं. तू चोरही नाहीस. चोर असतास तर बरं होतं, चोराने ते तांदूळ घरी नेऊन शिजवले तरी असते."